घागरीतला मुलूख

हद्दीच्या दगडापाशी म्हादूनं गाडी थांबवायला लावली. खाली उतरून गाठोड्यातल्या वहाणा काढल्या, धोतराच्या सोग्यानं पुसल्या आणि पायांत घातल्या. पालीपासून त्या गाठोड्यातच होत्या. भोर संस्थानात अनवाणी चालत होतं. इथून पुढं इंग्रजांचा मुलूख.

"परमुलखात उघड्या पायानं गेलं तर आपल्या राजाची अब्रू जाती," तो म्हणाला.

"आबा, बैलांचं काय?" कासरा धरून बसलेल्या त्याच्या लेकानं, गेनूनं विचारलं. "त्यास्नी बी वहाणा घालू?"

"त्यास्नी पत्र्या ठोकल्यात. तू आपला हाक."

गाडीत मागं म्हादूच्या बायकोशेजारी गेनूची बायको बाळाबाई बसली होती. मांडीत लहानगी ठकी, गुडघ्यांत तांब्याची घागर. घागरीचं तोंड फडक्यानं बांधलेलं, आत पालीच्या आडाचं पाणी.

लेकीला मूल होईतो बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही गावाची रीत. म्हादूनं ती आणखी आवळली होती. लेक सोजरा याच परमुलखात दिली, तेव्हा लग्नात चारचौघांसमोर तो बोलून बसला होता की नातू होईतो लेकीच्या मुलखातलं पाणीच तोंडाला लावणार नाही. अख्ख्या मुलखाचं का, असं कुणी विचारलं, तेव्हा म्हणाला, "जमिनीखालनं पानी कुठनं कुठं जातं कुनाला ठावं."

सोजराची कूस उजवायला बरीच वर्षं गेली. आता झाली ती मुलगी, आणि बोलात तर नातू होता. बारशाच्या आवतणाबरोबर तिनं एवढाच सांगावा धाडला होता, आबांना म्हणावं, आता तरी पाणी प्यायला या. निघायच्या सकाळी मात्र म्हादू स्वतः आडावर जाऊन घागर भरून आला, आणि ती गाडीत ठेवताना बाळाबाईला पुढचं सगळं दिसलं. नणंद दारात तांब्या धरून उभी राहील, आणि मामंजी घागरीकडं बोट करतील.

परमुलूख तसा गमतीचा निघाला. म्हादूनं आधी कावळे न्याहाळले. "आपल्यावानीच काळं हायती की." मग एका शेतातल्या बुजगावण्याला त्यानं अदबीनं रामराम घातला. उत्तर येईना, तेव्हा इकडची माणसं मिजासखोर असल्याचं ठरवून टाकलं. त्याची बायको सगुणाबाई पदरात तोंड खुपसून हसत राहिली.

एवढ्यात समोरून भोंगा वाजवत मोटार आली. बैल बुजले आणि गाडी चरात उतरली. म्हादू उडी मारायला गेला आणि खाली पडला. एक वहाण पायातून निसटून बांधापलीकडं गेली.

"अब्रू गेली बघा तुमच्या राजाची," सगुणाबाई म्हणाली.

तो लंगडत वहाण शोधायला गेला. गेनू बैलांना चुचकारत होता. बाळाबाईनं ठकीला सावरलं आणि पाहिलं, तर घागर आडवी झालेली, गोधडी चिंब. घागरीत घोटभरसुद्धा उरलं नव्हतं.

तिनं सासूकडं पाहिलं. सासूनं रस्त्याकडेच्या पायऱ्यांच्या विहिरीकडं पाहिलं.

"पोरीनं गोधडी भिजवली गं," सगुणाबाई मोठ्यानं म्हणाली. "जा, धुऊन आन." आणि ओल्या गोधडीत गुंडाळून घागर तिच्या हातात दिली.

पाणी मचूळ होतं. बाळाबाईनं चूळ भरून पाहिली, पण दुसरी विहीर कुठली आणायची. तिनं घागर भरली, फडकं बांधलं.

म्हादू वहाण झटकत आला. "पानी दे, सूनबाई."

तिनं तांब्या भरून दिला. त्यानं वरून धार धरली. कंठमणी एकदा थांबला, मग पुन्हा हलला. मिशा पुसत तो म्हणाला, "आपल्या आडाचं पानी ते आपल्या आडाचं."

पुढं वाटेत भेटलेल्या एका गुराख्यालाही त्यानं आग्रहानं ते पाजलं.

"आमच्या हिरीवानीच लागतंय," गुराखी म्हणाला.

"तुज्या जिभंला चव न्हाई."

सगुणाबाई बैलांच्या शिंगांकडं बघत बसली.

सोजरा दारात उभी होती, लेक कडेवर आवळून. तिनं पाय धुवायला पाणी दिलं. प्यायचा तांब्या तिनं भरला होता, पण तो उंबऱ्याआडच ठेवलेला. बापाला विचारायचं तिच्या जिवावर आलं होतं. बाळाबाईनं घाईघाईनं घागर सोडली आणि सासऱ्यापुढं पाणी धरलं.

"ऱ्हाऊ दे ते," म्हादू म्हणाला. "मचूळ हाय."

बाळाबाईचा हात तसाच राहिला.

"जमिनीखालनं कुठनं कुठं आलंय कुनाला ठावं." त्यानं तिच्याकडं पाहिलंही नाही. "सोजरा, तुज्या माठातलं आन. आन् आदी त्या पोरीला हिकडं दे."

सोजरा पाणी आणायला वळली ती बराच वेळ आतच राहिली. मग त्यानं नातीला मांडीवर घेऊन तांब्या रिकामा केला आणि आणखी मागितलं.

दुसऱ्या दिवशी बारसं उरकून गाडी जुंपली. म्हादू सोजराच्या आडावरून घागर भरून घेऊन आला, गच्च, काठोकाठ.

"आता ही कशाला?" सगुणाबाईनं विचारलं.

"गावाला पाजाया. लग्नात सगळ्यांनी ऐकलं हुतं न्हवं."

गेनूनं बापाच्या पायांकडं पाहिलं. वहाणा पुन्हा गाठोड्यात गेल्या होत्या.

"आबा, हद्द अजून लांब हाय."

"ठावं हाय," म्हादू म्हणाला, आणि घागर स्वतःच्याच गुडघ्यांत धरून बसला.