तोंड फिरवा, जमादार

१९४८ च्या उन्हाळ्यात कुरुंद्याच्या चावडीवर गाव जमवून जमादारानं कागद पसरला. सगळं गाव संस्थानी सरकारच्या बाजूनं आहे, असं त्यावर आधीच लिहिलेलं होतं.

"मास्तर, पेपरात रोज प्लेबिसाइट येऊन राहिलंय. त्याचा अर्थ सांगा यांना. या कागदावर अंगठा द्यायचा, बराबर?"

बराबर म्हटलं असतं तर मी घरी जाऊन जेवलो असतो. पण नुसती मान हलवायची, तर शाळेत शिकवतो तरी कशाला?

"न्हाई, जमादारसाहेब. एकेकाला त्याचं मत विचारायचं, आन् कोणी काय दिलं ते दुसऱ्याला दिसू द्यायचं न्हाई."

जमादाराचा हात बंदुकीवर गेला.

कोपऱ्यात चादर बांधून तिच्याआड अकरा बाया बसवल्या होत्या. तिथून जहांगीर विणकराची म्हातारी आई, अमीरबी, बोलली, "म्हंजे मताला बी परदा असतो, मास्तर?"

"व्हय, अमीरबी."

"मग आमी अंगठा द्यायला बाहेर येऊन राहिलो. तोंड फिरवा, जमादार."

त्याच्याही घरी परदा असणार. तो सवयीनंच भिंतीकडे वळला. मी आणि बाकीचे पुरुषही वळलो. मागं बांगड्या वाजत राहिल्या.

बाया चादरीआड परतल्यावर त्यानं कागद उचलला. त्यावर चारच अंगठे होते.

"कोणकोणी दिला न्हाई?" तो ओरडला.

चादरीआडून अमीरबी म्हणाली, "ते विचारायचं नसतं, बेटा."