टिल्डन लेकचा तिरळा मासा

टिल्डन लेकच्या लोकांना कुणालाही तोंडावर वाईट म्हणता येत नाही. बाहेरचे लोक याला नम्रता समजतात. आर्डिस टोलफसनचं मत वेगळं होतं: ही निव्वळ काटकसर आहे. शिवीसुद्धा जपून खर्चायची. एखादी वस्तू अगदीच टाकाऊ निघाली, तर इथला माणूस मान जरा कलती करतो आणि म्हणतो, "हं. वेगळंच आहे." मिनेसोटाच्या या कोपऱ्यात त्याहून मोठा अपमान नाही.

म्हणूनच एल्रॉय कावमने तिच्या भरतकामाच्या दुकानात नव्या यंत्रावरची टोपी खिडकीशी नेऊन उलटसुलट पाहिली आणि "हं, वेगळंच आहे," म्हणाला, तेव्हा आर्डिसने हातातलं दोऱ्याचं रीळ खाली ठेवलं.

एल्रॉय हा बर्फावरच्या मासेमारीच्या स्पर्धेचा अध्यक्ष. फेब्रुवारीत तळं दगडासारखं गोठलं की सारा गाव बर्फाला भोकं पाडून, त्यात गळ सोडून, दिवसभर खाली बघत बसतो. मासा मिळो न मिळो, टोपी मात्र प्रत्येकाला मिळते. टोपीवर वॉलाय मासा. मोठ्या काचेरी डोळ्यांचा, आणि टिल्डन लेकमध्ये जरा तिरळा. हा मासा आर्डिसच्या नवऱ्याने, व्हर्लिनने, फार वर्षांपूर्वी भरतकामासाठी काढलेला. पहिल्या वर्षी लोक पोट धरून हसले होते. "व्हर्लिन, मासा गळाकडे बघतोय का तुझ्या बायकोकडे?" दुसऱ्या वर्षी कुणी हसलं नाही. तिसऱ्या वर्षापासून तो गावचाच झाला. फ्लॉरिडात म्हातारपण काढायला गेलेले लोक तिथल्या दुकानात एकमेकांना त्या डोळ्यावरून ओळखतात, असं एल्रॉय शपथेवर सांगायचा.

"काय वेगळंय?" आर्डिसने विचारलं, जणू तिला दिसतच नव्हतं.

"काही नाही गं. छान आहे. रंग छान, टाके छान." एल्रॉयने टोपी टेबलावर ठेवली. "फक्त हा माझ्याकडे सरळ बघतोय. बँकेतल्या माणसासारखा."

"पहिल्या टोपीपेक्षा तर बरा आहे ना?"

"हो बाई, तो तर मेलेलाच होता."

तेही खरंच होतं. टोपी यंत्रावर उलटी चढते, तेव्हा यंत्राला आधी सांगावं लागतं, बाबा रे, ही टोपी आहे, नक्षी फिरवून घे. आर्डिस विसरली होती. पहिला मासा पोट वर करून उमटला. ती टोपी एल्रॉयने मोठ्या आनंदाने स्वतःसाठी मागून घेतली होती. "माझ्या भोकातून नेहमी असाच निघतो," म्हणाला.

त्याने कॉफी तीनदा नाकारली, चौथ्यांदा घेतली, लिंबाची वडी खाल्ली आणि निघता निघता दारात म्हणाला, "जुनं यंत्र अजून आहे ना तुझ्याकडे?"

"गुरुवारी न्यायला येतायत."

"हं," एल्रॉय म्हणाला, आणि टोपी सरळ करून गेला.

दुकान पूर्वी औषधांचं होतं, त्यामुळे फळ्या भक्कम आणि वास कापराचा. जुनं यंत्र मागच्या भिंतीशी उभं होतं. ते चालायचं, पण म्हाताऱ्यासारखं: मध्येच थांबायचं, कशाला आलो होतो ते आठवायचं आणि दोन टाके गाळून पुढे जायचं. त्याला नक्षी लागायची ती फ्लॉपीवर, आणि फ्लॉपी आता यंत्रापेक्षाही जास्त दमलेल्या. वसंतात दुकान नणंदेच्या, बेव्हच्या, हाती द्यायचं ठरलं होतं. बेव्ह शाळेच्या स्वयंपाकघरातून नुकती निवृत्त झालेली. तिने अट एकच घातली होती. "मला नवं यंत्र दे. म्हाताऱ्यांची सेवा माझी करून झाली."

नवं यंत्र आलं तशी त्यासोबत शिकवायला क्रिस्टल नावाची बाई शहरातून आली. तिने एक छोटी डबी जोडली आणि एकेक फ्लॉपी त्यात सरकवून नक्ष्या पेनड्राइव्हवर उतरवायला घेतल्या. आर्डिस शेजारी खुर्ची घेऊन बसली. पडद्यावर टाक्याटाक्याने गावच उमटू लागला. बोलिंगच्या अड्ड्याची पिन, ज्याच्या जागी आता मोकळं मैदान आहे. शाळेच्या संघाची खार. शाळा शेजारच्या गावच्या शाळेत विलीन झाली, खार इथेच राहिली. एका लग्नाची नक्षी निघाली, नवरानवरीच्या नावांची, आणि आर्डिस पटकन म्हणाली, "पुढची घे." त्या लग्नाचा जमाखर्च केव्हाच बंद झाला होता. लोणी बनवणाऱ्या डेअरीची फ्लॉपी मात्र नुसती कुरकुरली. क्रिस्टलने तीनदा पुसून पाहिली.

"ही गेली, मॅम."

"डेअरी तर आधीच गेलीय," आर्डिस म्हणाली, पण फ्लॉपी तिने टाकली नाही. खिशात ठेवली.

माशाची फ्लॉपी वाचता आली, तेव्हा तिने देवाचे आभार मानले होते. आणि आता हा मासा बँकेतल्या माणसासारखा बघत होता.

एल्रॉय गेल्यावर बेव्ह आली, गाजराचा केक घेऊन. तिने भिंतीवरची जुनी टोपी काढली, नवीच्या शेजारी ठेवली आणि दोन्हींकडे बघून हसली.

"दादाचा मासा शाळेत जाऊन आला वाटतं. चष्मा लावून."

"हसू नकोस. त्या डबीने डोळा खाल्ला."

"डबी कशाला डोळा खाईल?"

"नवी यंत्रं फार शहाणी असतात. वाकडं दिसलं की सरळ करतात. तुझ्या भावाने तो डोळा टाका टाका बसवला होता, मधल्या शिवणीला खेटून. त्याच्या हातचं आता एवढंच तर उरलंय. तेही उतरवताना सांडलं."

बेव्हने जुनी टोपी पुन्हा भिंतीवर टांगली. म्हणाली, "मग नको देऊ जुनं. फोन कर, ट्रक येऊ नको म्हणून सांग. मी सांभाळीन ते धूड."

बेव्हच्या तोंडून हे येणं म्हणजे मोठीच रक्कम होती. पण आर्डिस हिशेबाला पक्की. तिने आधी पडताळा घ्यायचं ठरवलं. जुन्या यंत्रात जुनी फ्लॉपी घातली. टोपी क्रिस्टलने शिकवली होती तशी, नव्या यंत्रासाठी चढवायची तशीच, अगदी परीक्षेला बसल्यासारखी, गोल चौकटीवर चढवली: दोन्ही अंगठे शिवणीवर, दोन्ही बाजू एकदम, सारख्या ताणून, पट्टा बंद. यंत्र खडखडलं, थांबलं, आठवलं, पुढे गेलं.

टोपी उतरवली. मासा सरळ बघत होता.

आर्डिस स्टुलावर बसली. जुनं यंत्र, जुनी फ्लॉपी, जुनाच दोरा. म्हणजे डबीने काही खाल्लं नव्हतं. म्हणजे तिरळेपणा फ्लॉपीत कधी नव्हताच.

"व्हर्लिनने सरळच काढला होता," ती हळूच म्हणाली. "बेव्ह, त्याने सरळच काढला होता गं. आणि आयुष्यभर सगळ्यांचं ऐकून घेतलं."

"मग तिरळा करायचं कोण?"

"मला काय माहीत? एवढी वर्षं मीच काढतेय टोप्या. तो गेल्यावरही तिरळाच निघायचा. दोरा बघ, सुई बघ, हवा बघ…" बोलता बोलता तिने पुढची टोपी उचलली आणि चौकटीवर चढवली. रागात असली की तिचे हात आपले आपण काम करायचे. "टोप्यांचं कापड बदललंय का? नाही. मी बदललेय का? नाही."

"आर्डिस."

"काय?"

"तुझ्या उजव्या अंगठ्याला काय झालंय?"

"कुठे काय झालंय?"

"मग तो असा मुठीत का धरलायस?"

आर्डिसने खाली पाहिलं. उजवा अंगठा तळव्यात दुमडलेला होता आणि ती चारच बोटांनी कापड ओढत होती, आपल्याकडे, जरा खाली. डावीकडची बाजू नीट ताणलेली, उजवी किंचित ढिली.

व्हर्लिनचा उजवा अंगठा मक्याच्या कापणीयंत्राने तो तरणा असतानाच नेला होता. तेव्हा बेव्हच त्याला ट्रकमध्ये घालून दवाखान्यात घेऊन गेली होती. पुढे त्याने आर्डिसला टोपी चढवायला शिकवलं ते याच टेबलाशी, तिच्या शेजारी उभं राहून. तो म्हणाला, "मी करतो तसं कर." आणि तिने केलं. अगदी तसंच.

"अगं बाई," बेव्ह म्हणाली. "धडधाकट दहा बोटांची बाई तू. इतकी वर्षं अंगठा नसल्यासारखी टोप्या चढवतेयस?"

"मला वाटलं, तशीच रीत असते."

बेव्हला हसू आवरेना. मग ते हसणं मध्येच कुठेतरी ओलं झालं आणि तिने केकची सुरी शोधायच्या निमित्ताने पाठ फिरवली. आर्डिसने ती अर्धवट चढवलेली टोपी उतरवली नाही. तशीच नेऊन नव्या यंत्रात अडकवली, या वेळी न विसरता ही टोपी आहे असं यंत्राला सांगितलं, आणि कळ दाबली. यंत्र खडखडलं नाही, थांबलं नाही. सुई मधल्या शिवणीशी आली, डोळा भरला, काळा, मग त्यात एक पांढरा ठिपका.

चौकटीतून सुटताच कापड आपल्या जागी परतलं, आणि माशाने डोळा वाकडा करून दाराकडे पाहिलं.

गुरुवारी ट्रक आला. आर्डिसने जुनं यंत्र जाऊ दिलं, नेणाऱ्यांना वड्या बांधून दिल्या आणि मागच्या भिंतीवर राहिलेला चौकोनी फिका डाग जरा वेळ बघितला. दुपारी एल्रॉय आला. टोप्यांच्या ढिगातली एक उचलली, खिडकीशी नेली. उलटसुलट पाहिली.

"वाईट नाही," म्हणाला.

टिल्डन लेकमध्ये याहून वरची स्तुती नाही. आर्डिसने त्याला पहिल्याच झटक्यात कॉफी दिली, आणि त्याने एकदाही नाकारली नाही.

तो गेल्यावर तिने बेव्हला टेबलाशी बोलावलं आणि तिच्या शेजारी उभी राहिली.

"ही टोपी. ही चौकट. आता उजवा अंगठा मिटून घे."

बेव्हने टोपी हातात धरली. क्षणभर ती स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिली. मग तो तिने हळूच आत दुमडला आणि वर बाकीची बोटं मिटली.

"घट्ट?"

"नाही. नसल्यासारखा."