एका मापाच्या डब्या

भंगारवाला पाठीवर पोतं घेऊन जिना उतरत होता आणि मी चढत होते. पोतं इतकं फुगलेलं की मला भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं. वर मीच त्याला बजावलं, "जरा सांभाळून रे, भिंतीचा रंग जाईल." आत प्लास्टिक खडखडत होतं. वरच्या मजल्यावर कुणीतरी घर आवरायला काढलं असेल, असं समजून मी पुढे झाले. त्या पोत्यात काय आहे ते कळलं असतं तर मी जिन्यातच आडवी पडले असते. पण अक्कल कधी वेळेवर आली आहे?

बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून चार दिवस तिच्याकडे गेले होते. घरात हे आणि मुलगा, दोघंच. मुलगा दारातच उभा होता.

"आई, डोळे मीट आणि आत ये."

"मीटते. आधी घोटभर पाणी तरी पिऊ दे."

पण त्याला दम कुठला? हाताला धरून त्यानं मला बाहेरच्या खोलीत नेलं. समोरच्या भिंतीवर यांच्या सिनेमांच्या तबकड्यांची, म्हणजे सीडी-डीव्हीडींची, पाच फळ्यांची मांडणी आहे. तिच्यावर काळ्या डब्या उभ्या होत्या. सगळ्या एका उंचीच्या, एका जाडीच्या, पाठीवर पांढऱ्या मोठ्या अक्षरांत नावं. एकही डबी पुढे नाही की मागे नाही.

"चारशे बारा," मुलगा म्हणाला. "दोन दिवस खपत होतो. जुन्यातल्या तबकड्या काढून यात घातल्या. नावं छापून आणली, तीही मोठी, बाबांना हल्ली जरा कमी दिसतं ना म्हणून. आणि सगळं अकारविल्हे लावलंय."

"आणि जुन्या डब्या?"

"आत्ताच दिल्या. भेटला नाही का तुला तो जिन्यात?"

मी यांच्याकडे पाहिलं. हे खुर्चीत पेपर धरून बसले होते. पेपर सुलटा होता, कारण घडीवरून तो कसा धरायचा हे त्यांनी बसवून घेतलंय.

"छान झालंय," हे म्हणाले. "मेहनत घेतली पोरानं."

आता हे नीट सांगायला हवं. आमचे हे वजनमापं खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे काटे तपासण्यात जन्म गेला. माणूस मुळात मापाचा. अशा माणसाला छंद लागला तो सिनेमांच्या तबकड्यांचा, आणि तिथे तर मापाच्या नावानं सगळा आनंद. कुणाची डबी उंच, कुणाची बुटकी, कुणाची जाड, कुणाची पुठ्ठ्याची, कुणाची पत्र्याची. एकीच्या पाठीवर नाव वरून खाली, दुसरीच्या खालून वर. ओळीनं वाचायचं तर मान दोन्हीकडे वाकडी करावी लागे. हे पट्टी घेऊन बसत आणि कंपन्यांना पत्रं लिहीत. "आपल्या डबीतली मधली खुंटी इतकी घट्ट आहे की तबकडी काढताना तडकते." उत्तर एकाही कंपनीनं दिलं नाही, यांनी पत्र लिहायचं सोडलं नाही.

रविवारी दोन स्नेही यायचे, तेही याच वेडाचे. एक निवृत्त पोस्टमास्तर आणि एक दातांचे डॉक्टर. डबीवरचं पुठ्ठ्याचं आवरण ठेवावं की फेकावं, यावर तिघांचं दोन-दोन तास भांडण. डॉक्टर म्हणायचे, आवरण फेकणारा माणूस उद्या बायकोचा फोटोही फेकेल. सिनेमा कसा होता हे मात्र कुणी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही. मी चहा ठेवायची आणि मनात म्हणायची, चांगली शिकलेली माणसं, पण डोकी डब्यात गेली.

मुलगा हे सगळं ऐकत वाढला. "एकदा सगळ्या एका मापाच्या मिळाल्या ना, की मी सुखानं मरेन," हे त्यानं हजार वेळा ऐकलं असेल. त्यानं ते लक्षात ठेवलं. आईबापाचं बोलणं लक्षात ठेवणारी पोरं कितीशी असतात? त्याला दोष कुठल्या तोंडानं देऊ?

त्याला माहीत नव्हतं ते एवढंच, की दोन वर्षांपूर्वी यांची नजर गेली. पूर्ण नाही. मधली गेली. कडेकडेनं उजेड दिसतो, माणूस आला-गेला कळतं, घरात हे धडपडत नाहीत. पण समोरचं अक्षर, समोरचा चेहरा, काही नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात टेकले. यांनी मला शपथ घातली की मुलाला कळता कामा नये. यांना छातीत दुखलं होतं तेव्हा त्यानं हाताशी आलेली मोठी नोकरी सोडली होती आणि इथेच राहिला होता. आता दुसऱ्यांदा संधी आली होती, तीन वर्षांसाठी, समुद्रापार. दहा दिवसांनी निघायचं होतं.

"कळलं तर तो जाणार नाही," हे म्हणाले होते. "आणि मला पोराच्या गळ्यातला धोंडा व्हायचं नाही."

नजर गेल्यावर यांनी पेपर वाचायचं सोडलं, पत्रं सोडली, एकट्यानं बाहेर जाणं सोडलं. एक गोष्ट तेवढी उरली. रोज चार वाजता हे उठत, मांडणीपाशी जात आणि फळीवरून बोटं फिरवत. जिचा कोपरा उंदरानं कुरतडला तो कोर्टाचा सिनेमा. जिच्यावर किमतीची चिकटपट्टी अर्धी राहिली तो दोन बहिणींचा. पत्र्याची गार लागली की बोटीवरचा. बिजागरी तुटलेली, आवरण सैल झालेली, बुटकी, जाडी, खरखरीत, प्रत्येकीची ओळख बोटांना पाठ. मी "काढून देऊ का?" म्हटलं की चिडायचे. "एवढं तरी माझं मला करू दे." मग सिनेमा लावून ऐकत बसायचे. चित्रं त्यांची त्यांना आठवत. ज्या वेड्यावाकड्या मापांना जन्मभर नावं ठेवली, तीच आता त्यांचे डोळे झाली होती. आणि तीच पोत्यात भरून माझ्या अंगावरून गेली.

त्या संध्याकाळी मुलगा म्हणाला, "बाबा, उद्घाटन तुमच्या हातानं. काढा कुठलाही."

हे उठले. मला वाटलं मध्ये पडावं, भाजी आणायला पाठवावं पोराला, काहीतरी करावं. पण मी हलेपर्यंत हे मांडणीपाशी पोचले. यांनी हात फळीवर ठेवला. बोटं डावीकडून उजवीकडे गेली, परत आली, खालच्या फळीवर उतरली. कुठेच थांबली नाहीत. मग यांनी एक डबी ओढली.

"हा घे. कोर्टाचा."

मुलानं पाहिलं. "बाबा, हा बोटीवरचा आहे."

मुलगा यांच्या तोंडाकडे बघत होता.

"अहो, चष्मा कुठे ठेवलात?" मी म्हटलं. "चष्म्याशिवाय मिरवायची हौस फार."

"माहितीय रे," हे म्हणाले. "बोटीवरचाच म्हणायचं होतं. तोंडाला दुसरं आलं."

"म्हातारे झालात बाबा," मुलगा हसला आणि त्यानं सिनेमा लावला. तिघं बसून बोटीवरचा बघितला. म्हणजे दोघांनी बघितला. यांनी माझा हात सोफ्यावर धरून ठेवला होता, आणि तो सिनेमा संपेपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायच्या निमित्तानं मी भंगारवाल्याच्या गोदामात गेले. त्यानं मला ओळखलं.

"काकू, प्लास्टिक कालच गाडीनं गेलं. एव्हाना भुगा झाला असेल."

"सगळं?"

"सगळं. काही राहिलं होतं का आत? दागिना वगैरे?"

काय सांगणार त्याला? नाही म्हटलं आणि दूध घेऊन घरी आले.

यांना मी एकांतात विचारलं, "तुम्ही घरात होतात. थांबवलं का नाहीत?"

"दार लावून घेतलं होतं त्यानं. मला वाटलं झाडतोय. आवाजावरून कळलं, पण तोवर निम्म्या रिकाम्या झाल्या होत्या." मग म्हणाले, "आणि तो शीळ घालत होता गं. लहानपणी घालायचा तशी."

याला म्हणतात तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पोराला सांगावं तर पोर जाणार नाही, आणि आपण हे काय करून बसलो म्हणून जन्मभर जळत राहील. न सांगावं तर हा माणूस माझ्यासमोर भिंतीसारखा बसून राहणार. मी शपथ पाळली. बरोबर केलं की चूक, देव जाणे.

मुलगा गेला. तो गेला त्याच दुपारी मी दोऱ्याची रिळं आणि बटणांचा डबा घेऊन बसले. म्हटलं, कोर्टाच्या डबीला गाठ बांधू, बहिणींच्या डबीला बटण चिकटवू. वीसेक डब्या केल्या. यांनी बोटं फिरवली, दोनदा चुकले आणि म्हणाले, "राहू दे. जुन्या खुणा पुसायला दोन दिवस पुरले, पण त्या शिकायला बोटांना तीस वर्षं लागली होती." दोरे काढून टाकले मी.

मग त्यांनीच दुसरी युक्ती काढली. अकारविल्हे लावलंय ना, मग पाठ करायचं. पहिली फळी, पहिला, दुसरा, तिसरा. मी वाचायची आणि हे माझ्यामागून म्हणायचे, शाळेत पाढे म्हणतात तसे. रोज सकाळी तासभर. पहिल्या फळीतले तीस जमले. दुसऱ्या फळीला गेलं की पहिलीतले गळायचे. सत्तरी उलटलेल्या डोक्यात किती भरणार? "परत पहिल्यापासून," हे म्हणायचे, आणि मी परत पहिल्यापासून वाचायची. चार वाजता मात्र खुर्चीतून उठायचे नाहीत. मी विचारलं तर म्हणायचे, पूर्ण पाठ झाल्यावर.

रविवारी मुलाचा फोन आला. यांनी तो मोठ्या आवाजावर लावायला सांगितला.

"बाबा, मग? आज कुठला बघितलात?"

"दोन बहिणींचा," हे लगेच म्हणाले. टीव्ही आठवडाभर बंद होता. "दुसरी फळी, डावीकडून सातवा. उठलो, हात घातला, काढला. आता शोधायची भानगडच नाही."

"बघा. उगाच तीस वर्षं त्या कचऱ्यात शोधत बसलात."

"हो ना," हे म्हणाले. "आधीच करायला हवं होतं."

मुलगा खूश झाला. तिकडची खोली कशी आहे, खिडकीतून काय दिसतं, ते सांगत बसला. फोन ठेवल्यावर हे माझ्याकडे वळले.

"सातवाच आहे ना गं तो?"

मी उठून मांडणीपाशी गेले. दुसरी फळी, डावीकडून मोजलं. सातवा भलताच होता. दोन बहिणी अकराव्या होत्या.

"सातवाच आहे," मी म्हटलं.

"बघ, बसतंय डोक्यात." हे उठले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच उठले आणि भिंतीच्या कडेनं मांडणीकडे यायला लागले. मी अकरावी डबी काढली, आवाज न करता सातव्या जागी सारली आणि बाजूला झाले. मधल्या चार डब्या एकेक जागा पुढे सरकल्या. त्या चारांचं उद्या काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.