चारशे बल्ब आणि मी

मी एक जुना बल्बचा होल्डर आहे. अंगानं पितळेचा, बैठक चिनी मातीची. मित्रांनो, मी कुणाच्या घरी उजेड पाडला नाही. कारखान्यातल्या तपासणीच्या टेबलावर माझं आयुष्य गेलं. बल्ब माझ्यात बसवायचा, बटण दाबायचं. लागला तर पास, नाही तर टोपलीत. काम साधं. पण माझ्या जिवावर माणसं निकाल देत, आणि तेही घाईनं.

नियम असा होता की शंभरात पाच बल्ब खराब निघाले तर चालतील, त्याहून जास्त नकोत. एकदा साहेबांनी सोल्डरिंग करणाऱ्या मावशींच्या मालातले वीस बल्ब तपासले. दाराशी हाताला लागले तेच! तीन लागले नाहीत.

"शंभरात पंधरा! मावशी, उद्यापासून येऊ नका."

दाराशी ठेवलेल्या खोक्यांना येता-जाता हातगाडीचे धक्के बसत. आंधळ्यालाही कळलं असतं. साहेबांना कळलं नाही.

तपासणीवाल्या ताई उसळल्या. "साहेब, विसांत तीन योगायोगानंही निघतात. त्यात तुम्ही मार खाल्लेलेच उचललेत. सगळ्या मालातून चिठ्ठ्या टाकून चारशे काढू. माल नियमात असेल तर विसाच्या आसपास खराब निघतील. अठ्ठावीस किंवा जास्त निघाले, तर मावशींना घालवा."

"अठ्ठावीसच का?"

"चांगल्या मालातही इतके निघण्याची शक्यता शंभरात जेमतेम पाच. सत्तावीसपर्यंत योगायोग म्हणू, पुढे नाही."

ताईंनी आकडा आधीच फळ्यावर लिहिला. मग एकामागून एक बल्ब माझ्यात बसू लागले. टोपली भरत चालली, तशी मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. मी तर तापून लाल झालो.

शेवटी खराब निघाले चोवीस.

"विसापेक्षा जास्तच की!" साहेब म्हणाले.

"फळ्यावरचा आकडा आता बदलायचा नाही."

"म्हणजे मावशींचं काम चांगलं ठरलं?"

"तसंही नाही. वाईट म्हणायला पुरावा नाही, एवढंच."

"एवढंच पुरे गं बाई," मावशी हसल्या. "आमच्या ह्यांनी तीस वर्षांत एवढंसुद्धा कबूल केलं नाही!" आणि पदर खोचून आपल्या टेबलाकडे गेल्या.

आता तपासणीला यंत्र आलंय. मी कपाटात धूळ खातो, पण सुखात आहे. मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण कुणाच्या पोटावर पाय देण्याआधी पुरेसं तपासा, आणि निकालाची रेघ आधी आखा. एवढं जमत नसेल, तर गप्प बसा.