कमानीची निळी नक्कल

मी एक निळी नक्कल बोलतेय, निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांनी छापलेली नकाशाची प्रत. पहिल्यांदा बिनसलं ते एवढंच, की माझ्या उजव्या कडेची एक पांढरी रेघ पुसट झाली. अन्नपूर्णा दचकली. तशी ती मांजरानं भांडं पाडलं तरी दचकते.

"काकाजी, हिचे आकडे उडून राह्यले," ती सरपंच भगवंतरावांना म्हणाली.

"उडू दे ना पोरी. दगडावर आहेत नं!"

होते खरे. बुलढाण्याकडच्या धाड गावाजवळ आमचं गाव; तिथल्या बारवेत देवीवर असलेली कमान पिंपळाच्या मुळांनी फुगली होती. ती पुन्हा जशीच्या तशी बांधायची म्हणून पंजाबराव गवंड्यानं दगड उतरवले आणि गेरूनं आकडे घालून अंगणात मांडले.

त्याआधी अमरावतीला कॉलेज शिकून आलेल्या अन्नपूर्णेनं शिडीवर चढून एकेका दगडाचं माप घेतलं होतं. नागपूरच्या कचेरीत त्याचा नकाशा झाला. त्यावरून उन्हात आम्ही तिघी बहिणी छापल्या गेलो. एक नागपूरला राहिली, एक बुलढाण्याच्या कचेरीत गेली, मी गावात आले. "एकीला काही झालं तर दुसरीला विचारता येईल," अन्नपूर्णा म्हणायची.

काय मिरवलं मला गावानं! चौकट करून चावडीत टांगलं. पाहुणा आला की आधी माझ्यापुढं उभा करायचे, मग चहा. खिडकीतून रोज ऊन यायचं. उन्हानंच मला जन्म दिला आणि उन्हानंच मला हळूहळू खाल्लं.

मग दसरा आला. देवीची पूजा करणाऱ्या तानाबाईनं मोठ्या मायेनं सगळे दगड चुन्यानं पांढरेशुभ्र केले.

"साऱ्या गावाले चुना लागला, देवीच्या दगडानंच काऊन मळकं राहावं?"

चुना खरवडला, तर त्याच्याबरोबर गेरूही निघाला. पंजाबराव डोक्याला हात लावून बसला. "आता कोनता दगड कुठचा, देवीलेच इचारा!"

"देवी उघड्यावर नाही ठेवत," भगवंतराव म्हणाले. "कमान राहू द्या, सोमवारी सिमेंटचा स्लॅब टाकून घेऊ."

माझ्यावर आता एकही माप वाचता येत नव्हतं, तरी अन्नपूर्णेनं मला चौकटीतून काढून गुंडाळलं आणि एसटीनं बुलढाणा गाठलं. तिथली बहीण साहेबांच्या बदलीत कुठं गेली, कुणालाच ठाऊक नव्हतं. मग टपाल कचेरीतून तिनं नागपूरला ट्रंक कॉल लावला. दुपार कलली.

"लागून राह्यली लाइन, बाई. माह्या टेबलाले काऊन हलवता?" बाबू म्हणाले.

मी तिच्या घामेजल्या मुठीत होते. आता मी जवळजवळ कोरा कागद आहे. एकच मागणं आहे. आम्हाला भिंतीवर मिरवू नका. अंधारात ठेवा, पण कुठं ठेवलंय ते चार जणांना सांगून ठेवा.

घंटी वाजली. अन्नपूर्णा अशी दचकली की उचलता उचलता रिसीव्हर हातातून निसटला. तिनं तो पुन्हा कानाला लावला. "हॅलो! आमच्या बारवेची कमान... निळी नक्कल आहे का हो तुमच्याकडं?"

नुसती खरखर. मग त्या खरखरीतून कागद उलगडल्याचा आवाज आला. माझ्या बहिणीचा आवाज मी कसा विसरेन!

"आहे, बाई," कचेरीतला माणूस म्हणाला. "कुठल्या दगडापासून सांगू?"