कपाळावरची आठी

गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरच्या दोन सुरकुत्या कमी केल्या की गिऱ्हाईक खूश, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. आईचं पेन्सिलचित्र काढतानाही माझा हात आपोआप खोडरबराकडे गेला. जित्याची खोड, दुसरं काय!

"डोळ्याखालची का पुसलीस गं?" खिडकीपाशी बसलेली आई माझ्या कागदात डोकावून ओरडली. "ती तुझ्या दादाची आहे. घर सोडून गेला तेव्हा पडलेली. आणि ही कपाळावरची आठी तुझी. फुकट नाही आल्या मला सुरकुत्या!"

"बरं बाई, माझी ठेवते," मी हसून म्हटलं.

सकाळी पाहते तर आईच्या डोळ्याखाली रेघ नव्हती. चांगली झोप लागली असेल, असं मी स्वतःला समजावलं. तेवढ्यात दादाचा फोन आला. एरवी 'त्याचा फोन आला का' म्हणून माझं डोकं खाणारी आई फोन कानाला लावून म्हणाली, "कोण दादा? कुणाचा?" आणि तो माझ्या हातात दिला. "राँग नंबर आहे."

धावत जाऊन मी चित्रातली रेघ परत ओढायला घेतली. पण पुसून पुसून कागद तिथं भुसभुशीत झालेला, रेघ धरेना मेला! नुसता काळा डाग पडला.

"काय गं चुरचुरतंय," मागून आई म्हणाली. तिच्या डोळ्याखाली तसाच काळा डाग होता.

मी पेन्सिल टाकली. 'असशील तसा निघून ये' म्हणून दादाला सांगायला फोन घेऊन जिन्यात गेले. घाईत चित्र तिथंच राहिलं.

परत आले तर आई चित्रासमोर उभी. हातात खोडरबर, पदरावर त्याचा चुरा.

"एवढ्या गोड चेहऱ्यावर आठी कुणी काढली हो?" ती माझ्याकडे वळली. कपाळ अगदी गुळगुळीत. "टाकली मीच पुसून."

मी तिच्या कपाळावर बोटानं आठी शोधू लागले.

"अहो, रडताय का? कुणाला शोधताय?"

"आईला," मी कसंबसं म्हटलं.

तिनं मला खुर्चीत बसवलं, पाठीवरून हात फिरवला. "येईल हो," ती म्हणाली. "आई कुठं जातेय?"