रंगवलेली शेगडी

भंगारवाल्याने लोखंडी शेगडी अशी थोपटली, जशी काही ती त्याची गुणाची लेकच. "ताई, डोळे मिटून न्या. लाखात एक माल आहे."

"लाखात एक असती तर भंगारात आली असती का?" बाह्या सरसावून मी खाली बसले. शेगडीच्या दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि ओढून पाहिली. निघाली नाही, म्हणजे दार घट्ट होतं. आतल्या विटाही शाबूत होत्या. "आता पेटवून दाखवा."

माझा स्वभाव संशयी आहे म्हणा, पण त्या दिवशी चूक परवडणार नव्हती. सासूबाई न्यूमोनियातून कशाबशा उठल्या होत्या. दुपारी त्यांना दवाखान्यातून घरी आणायचं होतं, आणि आमची एकुलती एक खोली थंडीत ओल धरते. डॉक्टरांनी बजावलं होतं, ऊब हवी, धूर अजिबात नको. त्यात ह्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मोठे भाऊजी, संध्याकाळी येऊन बघणार होते. खोली गार असली तर आईला वृद्धाश्रमात ठेवायचं त्यांनी ठरवून टाकलं होतं. स्वतःच्या घरी नेतो म्हणाले नाहीत, बरं का! सासूबाईंचं नि माझं विळ्या-भोपळ्याचं सख्य. तरी त्यांनी जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं. तोंडातून मात्र ते कधी निघालं नाही.

भंगारवाल्याच्या अंगणातच शेगडी पेटली. आधी थोडा धूर, मग स्वच्छ जाळ. आम्ही निघताना त्याने एवढंच सांगितलं, "तापलेल्या लोखंडावर पाणी मारू नका, तडकेल."

आमचे हे मात्र गंजाकडेच बघत होते. हे रंगारी. बिनरंगाची वस्तू दिसली की ह्यांचे हात शिवशिवतात.

"कशी कळकट दिसतेय गं."

"दिसू दे. तिला काय लग्नाला उभी करायचीय?"

शेगडी घरी आणली. खिडकीची काच काढून पत्रा ठोकला, त्यातून धुराचा पाइप बाहेर काढला, आणि मी दवाखान्यात गेले.

सासूबाईंना धरून जिना चढवला तेव्हा दिवस कलला होता. दार उघडलं तर शेगडी हिरवीगार, चकचकीत.

"कशी वाटली?" हे खुशीत होते. "ऑइलपेंट उरला होता. पाइपलासुद्धा दोन हात दिले. वाळलाय."

मला धोका कळायला हवा होता. पण सासूबाईंचे दात वाजत होते आणि भाऊजी कुठल्याही क्षणी येणार होते. "पेटवा लवकर," मी म्हटलं.

शेगडी तापली आणि रंगाला फोड आले. दार घट्ट, विटा शाबूत, आणि धूर बाहेरच्या रंगातूनच निघायला लागला, कडू, डोळ्यांत जाणारा. सासूबाईंना खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. ओठ काळेनिळे पडले. खिडकीला पत्रा ठोकलेला, उघडणार कशी? ह्यांनी पाण्याची बादली उचलली.

"पाणी नको! लाकडं बाहेर काढा!" मी किंचाळले. गोधडीसकट सासूबाईंना उचललं आणि जिन्यावर आणून बसवलं. "श्वास घ्या, आई. घ्या म्हणते ना!" हळूहळू त्यांची धाप ओसरली. हे चिमट्यात जळकं लाकूड धरून बाहेर आले, आणि नेमके तेव्हाच भाऊजी जिना चढून वर आले.

"हे काय चाललंय? आजारी माणसाला जिन्यात?"

ह्यांची बोटं हिरवी. खाली मान घालून म्हणाले, "दादा, माझ्याकडून..."

"गरम पाण्याची रबरी पिशवी मी शेगडीवर ठेवली," सासूबाई मध्येच बोलल्या. "जळली."

"आई, तुला काही अक्कल? आणि तुम्ही दोघं काय झोपला होतात?"

"त्यांना कशाला बोलतोस? माझी चूक. आत जाऊन भिंतीला हात लाव. गरम आहे की नाही बघ."

भाऊजी आत गेले, खोकत बाहेर आले. भिंत गरम होती, नाही कसं म्हणणार? "परत असं झालं तर ऐकणार नाही," असं पुटपुटत खाली उतरले.

मी गोधडी नीट करायला वाकले. सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. लग्न झाल्यापासून माझी चूक शोधणारी ही बाई, न केलेली चूक पोटच्या पोरासमोर कबूल करून बसली होती.

"पोरी," त्या म्हणाल्या, "मला इथं राहू देशील ना?"

मला इतका राग आला! "असं विचारता तरी कसं हो तुम्ही?" मी ओरडले, आणि तिथेच पायरीवर बसून हमसून हमसून रडायला लागले.